आ करा, भाऊ

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात नर्स म्हणून माझी २१ वर्षं गेली. नव्याने रुजू होणाऱ्या मुलींना कान, नाक, तोंडाच्या तपासणीबद्दल जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

१. तोंडाबद्दल नुसतं विचारू नका, आत बघा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इकडे पाहुण्याच्या हातावर चहाआधी पडतो. गुटख्यावर राज्यात २०१२मध्ये बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. "खाता का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कधीमंदी जी." खरं काय ते गालाच्या आतली कातडी सांगते.

तेंदूपत्त्याच्या हंगामात एक तिशीचा गडी पायाच्या जखमेची पट्टी बदलायला आला होता. सोबत दहा वर्षांचा मुलगा. बोलता बोलता म्हणाला, "तिखट खाल्लं का लय आग होते, सिस्टर. भाजी फिकीच करते घरची." मी पट्टी अर्धवट ठेवून टॉर्च काढला. "आ करा, भाऊ." त्याला वाटलं, त्याने पूर्ण आ केलाय. त्याचीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगितली. दोन जेमतेम गेली. गाल आतून संगमरवरासारखा पांढुरका झाला होता आणि हातमोज्यातलं बोट फिरवलं तर सुतळीसारखे ताठ पट्टे लागले. हा सबम्युकस फायब्रोसिस. आखडलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा मऊ होत नाही, आणि पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो. सुपारी आज सुटली तर पुढचं नुकसान तरी कमी होतं. म्हणून आजच बघायचं.

२. ओठ उलटून बघा, जीभ वर करायला लावा. हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या सुरुवातीला एक बाई दाढदुखी म्हणून तीनदा आली, तीनदा मी गोळ्या दिल्या. ती गुडाखूने दात घासायची. खालच्या ओठामागच्या खाचेत तिला घाव होता आणि मी तिथे पाहिलंच नव्हतं. ती बाई अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दोन आठवड्यांत न भरलेला घाव, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला की डॉक्टरांकडे पाठवा. नागपूरला जावं लागेल म्हटलं की घरचे गप्प होतात. गाडीभाडं, मजुरी, सोबत कोण, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवलं तरच माणूस पोहोचतो.

३. कान फुटला की घरोघरी गरम तेल घालतात. रागावू नका, आईच्या हातात दुसरं काही नसतं. तिला स्वच्छ सुती कापडाची वात वळून कान कोरडा करायला शिकवा. तीन वर्षांखालच्या लेकराच्या कानात बघताना पाळी खाली आणि मागे ओढा, मोठ्यांची वर आणि मागे. कानामागे दुखरी सूज असेल तर वात-बीत बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवा.

४. लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर ती सर्दी नाही, आत काहीतरी अडकलंय. लाखोळीचा दाणा असेल तर ओल्याने फुगतो. चिमटा घालून खेळू नका.

तान्ह्याच्या नाकपुड्या फुलताना दिसल्या की अंगावरचं दुपटं काढून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त म्हणजे धोका. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आपल्याला तर घड्याळ, पगार, सगळं आहे.

५. कानाची पाळी बघायला पैसे पडत नाहीत. जाड, गाठाळ पाळी, विरळ भुवया, सतत चोंदणारं नाक हे एकत्र दिसलं तर कुष्ठरोगाची शंका घ्या. वरोऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन सुरू होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हा आजार आपल्या जिल्ह्यांतून गेलेला नाही. लवकर सापडला तर गोळ्यांनी बरा होतो, बोटं वाचतात.

६. सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. पडदा ओढा. माडिया आजीला आपलं बोलणं कळत नसेल तर आशाताईला शेजारी बसवा, आणि आधी स्वतः आ करून दाखवा.

७. सोबत आलेल्या लेकरालाही तपासा. त्या दिवशी बापाचं बघून मुलानेही आपली तीन बोटं तोंडात घातली. सहज गेली. मी शाबास म्हणाले. तो हसला तेव्हा दात लालसर दिसले, आणि खिशातून पन्नीचं टोक डोकावत होतं. मी स्टूल पुढे ओढलं आणि त्याला बसायला सांगितलं.