रस्त्यावरून घरात आलेल्या कुत्र्याची रात्र

गल्लीतला मोठा, दीड-दोन वर्षांचा कुत्रा दत्तक घेतला की पहिल्या आठवड्यात बऱ्याच घरांत एकच तक्रार ऐकू येते. दिवसा तो गपगुमान कोपऱ्यात पडून असतो. रात्री एक-दीड वाजता मात्र उठतो, दार खरवडतो, येरझाऱ्या घालतो, रडतो. तिसऱ्या रात्रीपर्यंत घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘याला घर मानवत नाही, होता तिथे सोडून येऊ.’ हा निर्णय इतक्या घाईने घेऊ नका. रात्री न झोपणं हा त्याच्या स्वभावातला दोष नाही, ती त्याच्या आधीच्या आयुष्याची सवय आहे. सवय बदलता येते, पण त्याला काही दिवस नाही, काही आठवडे लागतात.

मोठा कुत्रा चोवीस तासांत साधारण 12 ते 14 तास झोपतो, पण तुकड्यातुकड्यांनी. रस्त्यावरचा कुत्रा यातली बरीच झोप भर दुपारी, उभ्या गाडीखालच्या सावलीत काढतो. गाड्यांची वर्दळ थांबली की त्याचा दिवस सुरू होतो. कचराकुंडी धुंडाळायची, हद्दीवर फेरी मारायची, परक्या टोळीला हुसकावायचं. थोडक्यात, तो आजवर रात्रपाळी करत आलाय आणि तुम्ही त्याला एका दिवसात दिवसपाळीवर आणलंय. त्यात घराचा वास नवा, दार बंद आणि सोबतची कुत्री गायब. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2017 साली पाळीव कुत्र्यांच्या झोपेचं मेंदूलेखन प्रसिद्ध केलं. वाईट अनुभवानंतर कुत्र्यांना डोळा पटकन लागला, पण त्यांची गाढ झोप कमी झाली, असं त्यात दिसलं. म्हणून नवा कुत्रा दिवसभर डोळे मिटून पडलेला दिसला तरी त्याची विश्रांती पुरी झाली असं धरू नका.

सुरुवात पशुवैद्यांपासून करा. अंगाला खाज असेल तर कितीही शिकवून उपयोग नाही. गोचीड, पिसवा, जंत आणि खरूज या चार गोष्टी रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यात आधी तपासून घ्याव्या लागतात. खरजेची खाज ऊब मिळाली की वाढते, त्यामुळे गोधडीवर झोपवलेला कुत्रा तासाभरात उठून खाजवत बसतो. गोचिडांतून येणारा ताप अंगात असेल तर कुत्रा मलूल होतो, खात नाही. त्यासाठी रक्ततपासणी लागते. रात्री वारंवार उठून भरपूर पाणी पिणं किंवा थेंबथेंब लघवी करणं हेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना याच फेरीत मार्गी लावा. माणसांच्या झोपेच्या किंवा दुखण्यावरच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

मग झोपायची जागा ठरवा. पुष्कळ लोक पहिल्या रात्री त्याला बाल्कनीत ठेवतात. तिथून खालच्या कुत्र्यांचं प्रत्येक भुंकणं ऐकू येतं आणि त्याला उत्तर देणं तो आपलं कामच समजतो. साखळीला बांधणं किंवा अनोळखी पिंजऱ्यात कोंडणं त्याहून वाईट. मोकळ्या रस्त्यावर वाढलेलं जनावर अडकलं की घाबरतं, सुटण्याच्या धडपडीत दात आणि नखं मोडून घेतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिले काही आठवडे त्याने घरातल्या माणसाच्या खोलीतच झोपावं. पलंगावर घ्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण तुमचा श्वास त्याला ऐकू यायला हवा. भिंतीला पाठ लागेल आणि दार दिसेल असा कोपरा निवडा. तिथे जुनी सुती गोधडी घाला आणि शेजारी फरशीचा तुकडा मोकळा सोडा. उन्हाळ्यात तो गोधडी सोडून फरशीवरच पसरेल, त्याला पुन्हा गोधडीवर ओढू नका. पंखा चालू राहू द्या. गारव्याबरोबर त्याच्या एकसुरी आवाजात बाहेरचे आवाज बुजतात. पाण्याचं भांडं रात्रीही भरलेलं असावं.

खरं काम दिवसा असतं. दुपारी तो झोपेल ते झोपू द्या, पण संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास त्याला उठवून बाहेर काढा. उठवताना अंगाला हात लावू नका, लांबून नावाने हाक मारा. रस्त्यावर झोपेत लागलेला स्पर्श म्हणजे लाथ किंवा दगड असतो, तेव्हा दचकून तो चावू शकतो. घरातल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा. संध्याकाळचा फेरफटका लांब असावा आणि संथ असावा. त्याला हवं तिथे थांबून हुंगू द्या. पळवून दमवलं की झोपेल असं वाटतं, पण चेंडूमागे धावून आलेला कुत्रा तासभर नुसता धापा टाकत फिरतो. हुंगून आणि चघळून मात्र कुत्रा शांत होतो. घरी आल्यावर जुन्या टॉवेलच्या घडीत उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे तुकडे गुंडाळून द्या. ते शोधण्यात त्याची वीस मिनिटं जातात.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीनेक तास आधी आणि रोज त्याच वेळी द्या. दूध-पोळीचा आपल्याकडे फार प्रघात आहे, पण अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि मध्यरात्रीची हगवण तिथूनच सुरू होते. भात आणि उकडलेलं चिकन किंवा अंडं चालतं. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको.

झोपण्यापूर्वी, दहा-साडेदहाला, शेवटची फेरी. ही फेरी फक्त सू-शीसाठी. रोज तीच जागा, तोच रस्ता, गप्पा नाहीत, खेळ नाही. शक्यतो सोसायटीच्या आवारातच जा, कारण त्या वेळी बाहेरची टोळी जागी असते आणि नव्या कुत्र्याला अडवते. गळपट्ट्याबरोबर हार्नेसही घाला आणि दोरी दोन्हींना अडकवा. नव्याने आलेले कुत्रे एखाद्या फटाक्याने बिथरून गळपट्ट्यातून मान काढून पळतात, आणि अंधारात ते सापडत नाहीत.

आता प्रत्यक्ष रात्र. तो उठला की आधी पाहा की त्याला हवंय काय. दाराशी जाऊन गोल गोल फिरत असेल तर दिवा न लावता, न बोलता बाहेर न्या आणि लगेच परत आणा. मोठा कुत्रा रात्रीचे सहा-आठ तास सहज धरू शकतो. पिल्लाला ते जमणार नाही, त्याला दोन-तीन तासांनी न्यावंच लागेल. बाहेर जायचं नसेल, नुसताच कण्हत असेल, तर पलंगावरून हात खाली सोडा, हळू आवाजात एखादा शब्द बोला आणि पडून राहा. बिस्किट देऊ नका, नाहीतर रोज दोन वाजता बिस्किटाची वेळ होईल. ‘रडून रडून झोपेल आपोआप’ हा सल्ला पुष्कळ जण देतील. नव्या जागी घाबरलेल्या प्राण्याला एकटं रडू दिल्याने तो शांत होत नाही, फक्त हाक मारणं सोडतो. ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी आपटणं तर नकोच. रात्र वाईट असते हेच त्याला त्यातून कळतं.

रात्री कुत्रं रडलं की अपशकुन, असं आपल्याकडे अजून मानतात आणि वरच्या मजल्यावरची आजी खरोखर बेचैन होते. तिला हसू नका. सकाळी जाऊन सांगा, ‘आजी, तो नवा आहे, सोबत्यांना हाका मारतोय, थोडे आठवडे सांभाळून घ्या.’ लांब सूर काढणं म्हणजे टोळीला साद घालणंच असतं. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांत आहे. पण त्याच सूचना मालकाला रात्री शांतता राखायचा प्रयत्न करायलाही सांगतात, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोललेलं बरं.

सलग आठवडाभर तो रात्री उठला नाही की मग, हवं असेल तर, गोधडी दाराकडे सरकवायला लागा. एका वेळी हातभर, दोन-तीन दिवसांनी एकदा. मध्येच रडला तर एक टप्पा मागे या. दिवसा पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत एकटं राहण्याचा सरावही याच काळात सुरू करा. गणपतीतले ढोल, दिवाळीतले फटाके, घरी आलेले पाहुणे यांनी घडी विस्कटेल. अशा दिवसांत गोधडी पुन्हा पलंगाशी आणा आणि शेवटची फेरी फटाके सुरू व्हायच्या आधी उरका.

दोन-तीन महिन्यांनीही तो रोज रात्री घाबरून दार फोडायला बघत असेल, तर प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवा. वय झालेला कुत्रा दिवसा झोपून रात्री भिंतीकडे बघत उभा राहत असेल, तर ते म्हातारपणी मेंदू थकल्याचं लक्षण असू शकतं, त्यावर औषधं आहेत. आणि एका प्रसंगी सकाळची वाट पाहू नका: पोट फुगलंय, ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही, एका जागी बसवत नाही. अशा वेळी त्याच रात्री दवाखाना गाठा. रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा.