पोटॅशियम क्लोराईड : उपयुक्त परंतु जपून वापरावयाचे लवण

शेतकरी बांधवांना 'म्युरेट ऑफ पोटॅश' या खताच्या रूपाने परिचित असलेले पोटॅशियम क्लोराईड हे वैद्यकातही महत्त्वाचे लवण आहे. मात्र औषधासाठी ते विशेष शुद्ध केलेले असते. खताचा वापर औषध म्हणून कदापि करू नये.

हे लवण पांढरे, गंधहीन, स्फटिकमय व चवीला खारट-कडवट असते. निसर्गात ते सिल्व्हाइट या खनिजात आढळते. पाण्यात विरघळताच त्याचे धनभारित पोटॅशियम व ऋणभारित क्लोराईड असे आयन होतात आणि द्रावण वीजवाहक बनते. म्हणून अशा पदार्थांस विद्युत् विच्छेद्य म्हणतात.

शरीरातील सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात त्याचे प्रमाण लिटरला साधारणतः 3.5 ते 5 मिलिमोल एवढेच असते. आतील व बाहेरील प्रमाणांच्या या तफावतीवरच मज्जातंतू, स्नायू व हृदय यांचे कार्य अवलंबून आहे. जुलाब, वांत्या किंवा लघवी वाढविणारी काही औषधे यांमुळे पोटॅशियम कमी झाल्यास अशक्तपणा येतो, पोट फुगते व हृदयाचे ठोके अनियमित होतात.

यासाठीच जलसंजीवनीच्या पुडीत हे लवण घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली पुरस्कारिलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड 1.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम व ग्लुकोज 13.5 ग्रॅम असे प्रमाण आहे. ग्लुकोज हे केवळ गोडीसाठी नसते. त्याच्या साहाय्याने आतड्यात सोडियम व त्यामागोमाग पाणी शोषले जाते. पुडीवर सांगितले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात संपूर्ण पुडी विरघळवावी, द्रावण 24 तासांत संपवावे व उरलेले टाकून द्यावे.

हेच लवण प्रमाणाबाहेर गेल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून त्याचे तीव्र द्रावण शिरेतून थेट कधीच देत नाहीत. ते सौम्य करून, सावकाश व देखरेखीखालीच दिले जाते. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, डॉक्टरांच्या सल्ल्याविना ते वापरू नये.

जुलाब होणाऱ्या बालकास जलसंजीवनी देण्यास विलंब करू नये. मूल सुस्त झाल्यास, डोळे खोल गेल्यास किंवा पाणी पोटात ठरत नसल्यास त्यास तत्काळ नजीकच्या आरोग्य केंद्रात न्यावे.