लावणीनंतरचा ताप आणि वाढता दम

लावणीच्या दिवसांत ताप आला की मिरजोळ्याच्या वाड्यांतून एकच ऐकू येते, "पावसात भिजलो, उतरेल." बहुतेक वेळा उतरतोही. पण तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी दम लागू लागला, तर छाती भरली म्हणून घरी वाफ देत बसू नका, असे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो.

कोकणात पावसाळ्यात लेप्टो असतो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातले जंतू शेताच्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईतही त्याची मोठी साथ आली होती. लेप्टो म्हटले की लोकांना कावीळ आठवते. पण तो फुप्फुसातही उतरतो. तिथल्या बारीक वायुकोशांच्या भिंती सुजून पाझरतात; आत पाणी, कधी रक्त साठते. मग हवा आत जाते, पण प्राणवायू रक्तात पोचत नाही. या अवस्थेला डॉक्टर एआरडीएस म्हणतात. न्यूमोनिया, कोविड, रक्तातला जंतुसंसर्ग, मोठा अपघात यांतूनही ती येते. १९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांवरून ती प्रथम मांडली, तेव्हाही दुखणी वेगवेगळी आणि फुप्फुसांची गत एकच होती.

घरी यंत्र लागत नाही, घड्याळ लागते. माणूस स्वस्थ बसलेला असताना छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. त्याला सांगू नका, सांगितले की श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० असतो. २४ च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, ३० झाला तर १०८ ला फोन. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील, थुंकीत रक्त असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, तर मोजायलाही थांबू नका. ऑक्सिमीटर असेल आणि आकडा ९४ च्या खाली असेल, तर निघाच. मात्र सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. ९६ दिसतात आणि माणूस धापतो आहे, तर माणसाकडे बघा.

रुग्णालयात एका तपासणीने हे निदान होत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आत दम वाढला का, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसे पांढरी आहेत का, हा दोष हृदयाचा तर नाही ना (त्यासाठी इको करतात), हे सगळे जुळवून पाहतात. शिवाय मनगटाच्या धमनीतले रक्त घेऊन प्राणवायू मोजतात. त्या आकड्याला दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागतात. निरोगी माणसाचे उत्तर ४०० च्या वर येते. ३०० किंवा कमी म्हणजे एआरडीएसची शंका. ६० टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तात ७२ च भरला, तर ७२ भागिले ०.६ म्हणजे १२०. हे गंभीर आहे.

इथेच घरच्यांची गफलत होते. मास्क लावल्यावर ९५ दिसले की "बरा झाला, घरी नेतो" म्हणतात. तो आकडा सिलिंडरचा असतो. आधी विचारा, "ऑक्सिजन किती लावलाय?"

ताप कोणत्या तारखेला आला, दम कधीपासून, चिखलात उतरला होता का, पायाला जखम होती का, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून न्या. लेप्टोची शंका डॉक्टरांना त्या कागदावरूनच लवकर येते, आणि औषध रिपोर्टची वाट न पाहता सुरू करता येते.