पाच बटणे आणि सहा तारा

एखादे वाद्य उत्तम वाजताना ऐकले, की ते आपल्यालाही वाजवता यावे अशी इच्छा पुष्कळांच्या मनात उत्पन्न होते. ही इच्छा जितकी स्वाभाविक, तितकीच ती पुरी होण्याची वाट खडतर असते. बोटे वळत नाहीत, सूर लागत नाही, घरची माणसे कंटाळतात. आणि हौसेने आणलेले वाद्य काही महिन्यांतच गवसणीत घालून माळ्यावर जाते. शिकण्याचे कष्ट टाळून वादनाचा आनंद तेवढा मिळवता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच फार जुना आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला एक उत्तर सापडले. एडविन व्होटी या कारागिराने 1895 साली ‘पियानोला’ नावाचे यंत्र तयार केले. ते पियानोपुढे ठेवीत. त्यात भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी बसवलेली असे. पायांनी भाता चालवला, की गुंडाळी उलगडत जाई आणि यंत्राची लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबू लागत. सूर कोणते वाजावेत हे कागद ठरवी. ते जलद की संथ, मोठ्याने की हळुवार, एवढे मात्र भाता चालवणाऱ्याच्या हाती असे. जॉन फिलिप सूसा या सुप्रसिद्ध बँडप्रमुखाने 1906 साली एक लेख लिहून अशा यंत्रांवर आणि ग्रामोफोनवर कडाडून टीका केली. विकतचे संगीत घरोघर पोचले, म्हणजे मुले वाद्ये शिकण्याचे सोडून देतील, ही त्याची भीती होती. ती अगदीच निराधार नव्हती. तथापि झाले असे, की पियानो राहिला, ग्रामोफोनही पुष्कळ वर्षे गाजला, आणि रेडिओच्या काळात पियानोलाच मागे पडला.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी तोच प्रश्न संगणकाच्या साहाय्याने पुन्हा हाती घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एमआयटी या विख्यात संस्थेत शिकलेल्या ॲलेक्स रिगोपुलोस आणि एरन एगोझी या दोघा तरुणांनी 1995 साली ‘हार्मोनिक्स’ ही कंपनी स्थापन केली. एगोझी स्वतः क्लॅरिनेट वाजवणारा. वाद्यावर हात बसण्यास किती वर्षे लागतात, हे त्याला कोणी सांगावयास नको होते. ज्यांनी वाद्याचे शिक्षण घेतलेले नाही त्यांनाही संगीत निर्माण करण्याचा आनंद मिळावा, हा या दोघांचा हेतू होता. ‘द ॲक्स’ या त्यांच्या पहिल्या रचनेत संगणकाचा दांडा हलवून मनास येईल ती सुरावट उमटवता येई. परंतु तिच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. नवी सुरावट रचण्यापेक्षा ओळखीचे गाणे आपल्या हातून उमटल्याचा अनुभव लोकांना अधिक प्रिय असतो, हे त्यांच्या पुढील यशावरून दिसून आले. जपानमध्ये गिटारच्या आकाराचे साधन हाती धरून खेळावयाचा ‘गिटारफ्रीक्स’ हा खेळ विसावे शतक संपण्यापूर्वीच निघाला होता. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘गिटार हिरो’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाला, आणि थोड्याच अवधीत प्लॅस्टिकच्या गिटारी घरोघर दिसू लागल्या.

हा खेळ कसा खेळतात, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण सगळे मर्म त्यातच आहे. खेळणाऱ्याच्या गळ्यात गिटारच्या आकाराचे साधन असते. त्याला तारा नसतात. दांडीवर हिरवे, तांबडे, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे असतात, आणि जेथे तार छेडावयाची तेथे वरखाली होणारा एक खटका असतो. समोर टीव्हीवर एक रस्ता दिसतो. गाणे सुरू झाले, की त्या रस्त्यावरून रंगीत टिकल्या खेळणाऱ्याच्या दिशेने सरकत येतात. टिकली ठरलेल्या रेषेवर पोचताच त्या रंगाचे बटण डाव्या हाताने दाबून उजव्या हाताने खटका हलवावयाचा. वेळ बरोबर साधली, तर गाण्यातील गिटार वाजत राहते. ती चुकली, तर गिटारचा आवाज लोपतो आणि एक बेसूर ठणका ऐकू येतो. लागोपाठ दहा टिकल्या साधल्या, की पुढील गुण दुप्पट मिळू लागतात. वीस साधल्या, की तिप्पट. तीस साधल्या, की चौपट. फारच चुका झाल्या, तर टीव्हीतील श्रोते हुर्यो करतात आणि गाणे अर्ध्यावरच बंद पडते. नवख्यासाठी तीनच बटणांची सोपी पायरी असते. चार बटणांची पायरी ओलांडली, की मग पाचही बटणे वापरावी लागतात. बोटांची खरी धांदल तेव्हा उडते!

आता यात संगीत नेमके कोठे आहे? गिटारचा जो आवाज ऐकू येतो, तो दुसऱ्याच कोणी कसलेल्या वादकाने वाजवलेला आणि आधीच मुद्रित केलेला असतो. खेळणारा तो निर्माण करीत नाही. तो फक्त मुद्रित आवाजाची वाट मोकळी करतो किंवा अडवतो. हिरव्या बटणाचा स्वतःचा असा सूर नाही. एका गाण्यात ते षड्ज असेल, दुसऱ्यात पंचम. किंबहुना एकाच गाण्यात दोन ठिकाणी त्याचे दोन वेगळे सूर असतील. खेळ परीक्षा घेतो ती काळाची. कोणते बोट कोणत्या क्षणी, एवढेच तो पाहतो. सुराचा प्रश्नच तेथे उद्‍भवत नाही. गिटारमध्ये निष्णात असलेला वादकही या खेळात प्रथम अडखळतो, याचे कारण हेच होय. त्याचा हात सुरांच्या वाटेने जातो, आणि येथे तर रंगांच्या वाटेने जावयाचे असते.

या दृष्टीने पाहता जुना पियानोलाच अधिक उदार म्हणावा लागेल. तेथे सूर ठरलेले असले, तरी गती माणसाच्या हाती होती. येथे सूरही ठरलेले आणि गतीही ठरलेली. गाणे पुढे धावते आणि माणसाने त्याच्या मागे धावावयाचे.

खरी गिटार हाती घेणाऱ्या मुलाची स्थिती याहून फार निराळी असते. त्याचे पहिले काम गाणे वाजवण्याचे नसून तारा लावण्याचे असते. सहा तारा, सहा खुंट्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावली पाहिजे आणि सर्वांत बारीक तार सुमारे 330 वेळा. ही कंपने मोजून देणारी लहानशी यंत्रे आता सहज मिळतात, हे खरे. परंतु तार किंचित उतरली आहे की चढली आहे, हे कानाला कळू लागणे ही शिक्षणाची पहिली पायरी आहे. दांडीवर सतारीप्रमाणेच धातूचे पडदे बसवलेले असतात. ते एकमेकांपासून सारख्या अंतरावर नसतात. खुंट्यांकडून घोडीकडे यावे तसतसे ते जवळजवळ येतात. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तेथे तार दाबून छेडली, तर कंप पावणारी लांबी निम्मी होते आणि सूर एक सप्तक वर जातो.

बोट पडद्याच्या अगदी लगत, पण त्याच्या मागे टेकावे लागते. ते दूर पडले, तर तार भणभणते. कमी दाबले, तर आवाज बसका निघतो. शेजारच्या तारेला बोटाचा नुसता स्पर्श झाला, तर ती तार मुकी होते. धातूच्या तारा पहिल्या काही दिवसांत बोटांच्या टोकांना चांगल्याच बोचतात. पुढे तेथे घट्टे पडतात आणि वेदना थांबते. त्यातच ‘एफ’ नावाचा स्वरमेळ पुढे येतो. त्यासाठी तर्जनी एका पडद्यावर सहाही तारांवर आडवी दाबून धरावयाची आणि उरलेली बोटे पुढल्या पडद्यांवर ठेवावयाची. या एका स्वरमेळापाशी कितीतरी नवशिके आठवडेच्या आठवडे अडून बसतात. सहांपैकी चार तारा बोलतात आणि दोन मुक्या राहतात. कोणत्या दोन, हे ऐकून शोधावे लागते, आणि त्याप्रमाणे मनगट थोडे वळवून किंवा कोपर आत घेऊन पुन्हा तारा छेडाव्या लागतात.

येथे चूक झाल्यावर गुण कापले जात नाहीत. चुकीचा आवाज तेवढा निघतो. पण तो आवाज सर्व काही सांगतो. भणभण झाली, तर बोट दूर आहे. तार मुकी झाली, तर बोट आडवे पडले आहे. सूर चढला, तर तार बाजूला ओढली गेली आहे. हीच तार जाणून आणि मापून बाजूला ओढली, तर मींड निघते. जो दोष होता, तोच हाताला वळण लागल्यावर अलंकार होतो. ‘गिटार हिरो’च्या खेळणाऱ्याला चुकल्यावर ठणका ऐकू येतो, तो प्रत्येक वेळी जवळजवळ सारखाच. बोटाचे काय चुकले, हे त्या ठणक्यातून कळत नाही, आणि कळण्याची तेथे गरजही नसते.

तथापि या खेळाला केवळ वेळेचा अपव्यय म्हणून हिणवणे योग्य नव्हे. पुष्कळ गिटारवादकांनी त्याची टर उडवली. पण बुद्धिबळात राजाला शह देणाऱ्याने आपण सेनापती झालो असा दावा केलेला नसतो, आणि बहुतेक खेळणाऱ्यांनीही तसा दावा केला नव्हता. शिवाय या खेळातून काही लाभही होतात. गाण्याचा ठेका अंगात भिनतो. चौथ्या मात्रेच्या मधोमध येणारा आघात साधण्यासाठी तो आधी मनात मोजावा लागतो. हातावर ताल धरून गाणे ऐकणाऱ्यास याची कल्पना सहज येईल. त्याहून मोठा लाभ कानाचा आहे. एरव्ही गाणे एकसंध ऐकू येते. पण बेस गिटारची बाजू वाजवणाऱ्याला, आपले बोट चुकताच गाण्याच्या तळाशी चाललेले काहीतरी नाहीसे झाले, असे जाणवते. जे पूर्वी कधी ऐकूच आले नव्हते, ते नाहीसे झाल्यामुळे ऐकू येऊ लागते.

2007 साली याच हार्मोनिक्स कंपनीने ‘रॉक बँड’ हा खेळ काढला. त्यात गिटार, बेस, ड्रम आणि गायन अशा चार बाजू चौघांनी मिळून सांभाळावयाच्या असत. यातील ड्रमची गोष्ट गिटारहून वेगळी होती. चार चकत्यांवर खऱ्या काठ्यांनी आघात करावयाचे आणि पायाने पाचवा आघात द्यावयाचा. सर्वांत कठीण पायरीवर हात आणि पाय यांचा जो मेळ साधावा लागे, तो खऱ्या ड्रमवादनातील मेळाच्या पुष्कळ जवळ जाणारा होता. बोटाने सूर घडवण्याचा प्रश्न तेथे नव्हता, म्हणून खेळ आणि वाद्य यांतील अंतरही कमी होते. गायनाचे परीक्षण ध्वनिक्षेपकावरून होई. शब्द कोणते उच्चारले याकडे यंत्र बहुधा लक्ष देत नसे. सूर बरोबर आहे की नाही एवढेच ते पाही. सप्तक कोणतेही असले, तरी त्याला चाले.

हे अंतर आणखी कमी करण्याचे प्रयत्न पुढे झाले. 2010 सालच्या ‘रॉक बँड 3’ साठी एक साधन निघाले. त्यात सहा तारा आणि सतरा पडदे यांच्या प्रत्येक जागी एकेक, अशी एकूण 102 बटणे होती. त्यावर बोटे ठेवण्याच्या खऱ्या जागा शिकता येत. पण ती शेवटी बटणेच. 2011 साली युबिसॉफ्ट या कंपनीने ‘रॉकस्मिथ’ काढला, तेव्हा मात्र बटणे गेली. खरी विजेची गिटार तारेने यंत्राला जोडावयाची. यंत्र तिच्या तारांची कंपने मोजून सूर ओळखते. प्रथम ते गाण्यातील थोडेच सूर मागते आणि ते जमू लागले, की एकेक वाढवीत जाते. कठीण तुकडा संथ करून पुनःपुन्हा घोटण्याची सोयही त्यात आहे. हा प्रयत्न निःसंशय मोलाचा आहे. गुरूची सोय नसलेल्या मुलाला त्याचा चांगला उपयोग होऊ शकतो. तरी यंत्र ऐकते, पाहत नाही. सूर बरोबर आला, की त्याचे समाधान होते. तो काढताना मनगट वाकडे झाले होते, की खांदा ताठरला होता, हे त्याला दिसत नाही. शिक्षकाची नजर प्रथम तेथेच जाते. अशा सवयी एकदा जडल्या, की सोडवताना वर्ष निघून जाते.

गिटार साधारण वाजवू लागलेल्या मुलाकडे एखाद्या संध्याकाळी त्याची धाकटी बहीण गाण्याची साथ मागते. गाणे तिच्या आवडीचे असते, पण त्याची पट्टी तिच्या गळ्याला फार खालची पडते. ‘रॉक बँड’च्या यंत्राला सप्तक बदललेले चालते, परंतु सप्तकभर वर गेले, तर तिचा आवाज चिरकतो. तिला हवा असतो दोनच पडद्यांचा फरक. तो मुलगा दुसऱ्या पडद्यावर एक लहानसा चाप बसवतो. सहाही तारा तेवढ्याने वर चढतात, आणि शिकलेले स्वरमेळ तसेच वाजवून तो नव्या पट्टीत गाणे सुरू करतो. मधल्या कडव्यात ती श्वासासाठी थांबते, तेव्हा तोही एक मात्रा थांबतो.