चिखलणी खाचरात हवी, गायरानात नको



गायरान म्हणजे गावातल्या सगळ्यांच्या गुरांची चरायची जागा. आमच्या गावचे गायरान ओढ्याकाठी आहे. त्याची वरची बाजू मुरमाड आणि खालची बाजू काळी, पाणथळ आहे. गेल्या पावसाळ्यात खालची बाजू गुरांच्या पायांनी पार तुडवली गेली. तिथे आता गवताऐवजी खुरांचे खड्डे आणि तरोटा दिसतो. चैत्रात गवत संपले, पेंढाही पुरला नाही. आमच्या आळीत दोन घरांनी दुभत्या म्हशी विकल्या. म्हणून आम्ही परिसर अभ्यासाच्या तासाला ह्या जागेची पाहणी केली.

नुकसान कसे होते?

भात लावायच्या आधी आपण खाचरात चिखलणी करतो. कशासाठी? पाणी खाली जिरू नये, खाचरात उभे राहावे म्हणून. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवा आणि पाणी खाली जाते. चिखलणीने त्या पोकळ्या मोडतात. भाताला हे चालते, कारण त्याच्या खोडातून मुळांना हवा पोचते. माळाच्या गवताला तशी सोय नसते.

गुरे ओल्या गायरानात फिरली की तिथेही चिखलणीच होते. मोठी म्हैस ४०० किलोच्या आसपास भरते. एवढा भार चार खुरांवर! कोरडी जमीन तो सोसते, ओली जमीन दबते. गवताचे ठोंब तुटतात, मुळे गुदमरतात. ऊन पडले की तीच जागा कौलासारखी कडक होते. मग गवताचे बी रुजत नाही. तरोटा मात्र येतो आणि त्याला गुरे तोंड लावत नाहीत.

आमचा प्रयोग

पहिले पाऊस पडून उघडीप झाल्यावर आम्ही दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा घेतला. तो आधी कुंपणाच्या आतल्या गवतात बोटभर रोवला आणि एक तांब्या पाणी ओतले. पन्नास अंक मोजायच्या आत पाणी जिरले. मग तुडवलेल्या जागी तसेच केले. तीनशे अंक मोजले तरी पाणी तसंच उभं! जागा जवळजवळच्या, माती एकच, पण एक जिवंत आणि एक दबलेली.

दुरुस्ती कशी करावी?

१. आधी गुरे थांबवावीत. हे पहिले औषध. चालू चरणीत बाकीचे उपाय फुकट जातात.

२. साचलेल्या पाण्याला वाट द्यावी. चर उताराला आडवा-तिरपा काढावा. सरळ काढला तर माती वाहून जाते.

३. वाफसा येईपर्यंत मातीला हात लावू नये. मूठभर माती घेऊन तळहातावर वळून बघावी. शेवई वळली तर माती ओली आहे. भुगा झाला तर कामाला लागावे.

४. कुदळीने वरची पापडी हलकेच फोडावी. सगळी जमीन नांगरू नये, नाहीतर जिवंत राहिलेली मुळेही मरतील. खोल खड्डे बुजवावेत.

५. कुजलेले शेणखत पसरावे. त्याने गांडुळे वाढतात. गांडूळ आणि मूळ हे दोघे मातीत पुन्हा पोकळ्या करतात.

६. बांधावरच्या मारवेलाचे ठोंब पावसाळ्यात लावावेत. गवताचे बी शेण-मातीत मिसळून वरच्यावर टाकावे, खोल पुरू नये.

७. बी झडेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत तरी, ती जागा बंद ठेवावी. मग गवत विळ्याने कापून न्यावे.

८. पाणवठा आणि गायरानाची वाट इथे सगळ्यांत जास्त तुडवले जाते. तिथे मुरूम आणि दगड टाकावेत.

गुरे न्यायची कुठे?

हे आम्हांला घरी सगळ्यांनी विचारले. माझी आजी म्हणाली, "गायरान बंद केलं तर भारा वाहणार कोण? आम्ही बायाच ना!" तिचे म्हणणे खरे आहे. म्हणून सगळे गायरान बंद करू नये. आषाढ-श्रावणात फक्त खालची बाजू बंद ठेवावी. वरच्या मुरमाड बाजूला पाणी लवकर निचरते. तिचे चार भाग पाडून पाळीपाळीने चारावे. मुसळधार पावसात गुरे गोठ्यातच बांधावीत आणि भारा आणायला घरातल्या सगळ्यांनी जावे. ज्यांना स्वतःचा बांध नाही, त्यांना बंद भागातले गवत आधी कापायला मिळावे, असे आम्हांला वाटते. कारण त्यांना दुसरा चाराच नाही.

गुरुजींनी आम्हांला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची माहिती सांगितली. १९९० नंतर त्या गावाने मोकळी चराई बंद केली. लोक गवत कापून नेऊ लागले. उजाड डोंगरावर गवत वाढले आणि गावात दूधही वाढले. तिथे पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळ कमी पडतो, तरी त्यांना जमले.

लक्षात ठेवा

ओल्या मातीला खूर लागू देऊ नये.
वाफशाआधी कुदळ मारू नये.
गवताला बी धरू द्यावे.

पालकांनो, आता आषाढ लागला आहे. खालच्या बाजूला अजून थोडे ठोंब जिवंत आहेत, आम्ही मोजून आलो. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ही आम्हां मुलांची विनंती.

— इयत्ता ४ थी