कोळसा किलोच्या भावाने नाही, प्लेटच्या खर्चाने निवडा



समजा, परभणीजवळच्या पेडगावात तुम्ही घरासमोर संध्याकाळी तंदुरी चिकनचा स्टॉल सुरू करताय. चिकन कुठून आणायचं, मसाला कोणता, बोर्ड कसा, सगळं ठरतं. कोळसा मात्र "मिळेल तो" घेतला जातो आणि नफा तिथेच धुरात जातो. व्हिडिओत हा विषय घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितोय.

सध्या अनेकांना कमाडो हवा असतो. कमाडो म्हणजे जाड सिरॅमिकची, झाकणाची, अंड्याच्या आकाराची भट्टी. मूळ जपानी चुलीचं. आपल्या मातीच्या तंदूरसारखीच तिची भिंत उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कोळसा कमी लागतो. पण ती महाग असते. सुरुवात साध्या शेगडीवर करा, कोळशाचे नियम जवळपास तेच आहेत.

१. प्रकार ओळखा

* लाकडी कोळसा: बाभळीसारख्या कठीण लाकडाचा उत्तम. लवकर पेटतो, राख कमी, आच जोरदार. रोजच्या स्टॉलला हाच घ्या.
* करवंटीचा कोळसा: आच चांगली आणि बराच वेळ टिकते.
* ब्रिकेट: चुरा दाबून केलेल्या वड्या. आच एकसारखी, पण राख जास्त. कमाडोत ही राख खालची हवा अडवते.
* दगडी कोळसा: उघड्या आचेवर मांस भाजायला अजिबात नको. त्यात गंधक असतं, त्याचा धूर थेट खाण्याला लागतो.

२. दुकानातच तपासा

पोतं उघडायला सांगा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर कोळसा कोरडा आणि नीट जळलेला. बद्द आवाज म्हणजे ओल. ओला कोळसा घेणं म्हणजे कोळशाच्या भावात पाणी विकत घेणं! तुकडा मोडून बघा. आत तपकिरी लाकूड दिसलं तर तो धूर करणार. मुठीएवढे तुकडे हवेत. तळाशी चुरा किती आहे, तेही बघा. आणि पावती मागून घ्या, बेकायदा तोडलेल्या लाकडाचा माल आपल्या गळ्यात नको.

३. आता खरा हिशोब

आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. रोज ६० प्लेट धरा.

* स्वस्त कोळसा: ४० रुपये किलो, रोज १० किलो लागतो. खर्च ४०० रुपये, म्हणजे प्लेटमागे सुमारे ६.६७ रुपये.
* चांगला कोळसा: ५५ रुपये किलो, रोज ६ किलो पुरतो. खर्च ३३० रुपये, म्हणजे प्लेटमागे ५.५० रुपये.

महाग वाटणारा कोळसा रोज ७० रुपये वाचवतोय. महिन्याला २५ दिवस धंदा धरला तर १,७५० रुपये. शिवाय धूर कमी, म्हणजे शेजाऱ्यांची कुरकुरही कमी.

४. वापरताना

रॉकेल ओतू नका, त्याचा वास चिकनला लागतो. कोळशावर राखाडी-पांढरा थर आला की मगच सळया लावा. निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी ठेवा, म्हणजे चिकन बाहेरून करपून आत कच्चं राहणार नाही. धंदा आटोपला की कमाडोची हवा बंद करा. शेगडी असेल तर उरलेले निखारे झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. विझलेला कोळसा उद्या चालतो. पावसाळ्यात पोती फळ्यांवर ठेवा, वर ताडपत्री टाका.

एक जीवाची गोष्ट: बंद खोलीत कोळसा कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो.

५. पुढचाही विचार करा

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. त्यानंतर महापालिकेने तंदूर चालवणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. तो नियम पेडगावला लागू नाही. पण उद्या मोठ्या शहरात शाखा काढायची असेल, तर तिथले नियम विचारूनच भट्टी घ्या.

आजचा गृहपाठ: दोन दुकानांतून पाच-पाच किलो कोळसा आणा. एक-एक दिवस वापरा. किती किलो जळला, किती प्लेट निघाल्या, किती चुरा उरला, वहीत लिहा. भाव दुकानदार सांगेल, पण खर्च तुमची वहीच सांगेल.

भेटूया पुढच्या धड्यात!