नोकरी सोडण्याआधी

चि. मनू,


तुझं पत्र आणि सहा गोष्टींची वही, दोन्ही पोचली. गोष्टींबद्दल लिहितेच, पण आधी तुझ्या प्रश्नाचं. वाचनालयाच्या बालविभागात दिवसभर पोरांची वर्दळ, लिहायला म्हणून निवांतपणा मिळत नाही, तर नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला बसू का, असं तू विचारतेस. माझं मत, बसू नकोस. निदान इतक्यात तरी नाही. आणि हे मी पगाराकडे बघून सांगत नाही.

बेव्हर्ली क्लिअरीची दोन आत्मचरित्रं माझ्या कपाटात आहेत, ती तुला देणार आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली ही मुलांसाठी लिहिणारी बाई, जन्म १९१६ चा. यॅमहिल नावाच्या छोट्या गावात तिच्या आईने खटपट करून बँकेच्या वरच्या मजल्यावर वाचनालय सुरू केलं होतं. घरात पुस्तकांचं एवढं प्रेम, पण पुढे पोर्टलंडच्या शाळेत पहिलीत ही गेली ती वाचनात कच्च्या मुलांच्या गटात. तिसरीतल्या एका पावसाळी रविवारी ती नुसती चित्रं बघायला पुस्तक घेऊन बसली आणि वाचतच गेली. मोठेपणी लिहायचं हे मनात होतं. पण आईने बजावलं, पोटापाण्याची वेगळी सोय हवी. म्हणून ती ग्रंथपाल झाली.

१९३९ साली वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी तिला बालविभागात नोकरी लागली. तिथे काही मुलगे यायचे, पुस्तकांची फारशी गोडी नसलेले. त्यांच्यातल्या एकाने एक दिवस सरळच विचारलं, आमच्यासारख्या मुलांची पुस्तकं कुठे आहेत? तिच्याकडे द्यायला जवळपास काही नव्हतं. लहानपणी तिलाही तेच खटकायचं. गोष्टीत एकतर दाया आणि घोडागाड्या असलेली इंग्लंडातली श्रीमंत मुलं, नाहीतर अशी गरीब पोरं की ज्यांना शेवटच्या प्रकरणात एखादा धनाढ्य नातेवाईक भेटतो. आपल्या गल्लीत खेळणारी, चारचौघांच्या घरातली मुलं कुठेच नाहीत.

त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला तिला दहा वर्षं लागली. मधे लग्न झालं, युद्धाच्या काळात लष्करी इस्पितळाचं ग्रंथालय सांभाळलं, पुस्तकाच्या दुकानात काम केलं. १९४९ च्या जानेवारीत ती लिहायला बसली तेव्हा बेत होता एका हळव्या मुलीची कहाणी लिहायचा, म्हणजे स्वतःचीच. ओळ सुचेना. मग याकिमाची ती पोरं आठवली, आणि आपण त्यांना समोर बसवून गोष्टी सांगायचो तेही आठवलं. तसंच सांगायला लागली, फक्त कागदावर. ती पहिली गोष्ट प्रकाशकाकडून परत आली. तिने त्याच मुलावर आणखी प्रकरणं लिहिली आणि १९५० साली ‘हेन्री हगिन्स’ छापून आलं. मनू, तुला ज्या वर्दळीचा त्रास होतो, ती वर्दळ तिला एका दशकानंतर कामी आली.

आता तुझ्या गोष्टी. भाषा गोड आहे, पण तिसरी गोष्ट घे. बंडूने आंबे चोरले, आणि पुढल्याच पानावर आजीचा उपदेश, पश्चात्ताप, डोळ्यांत पाणी. क्लिअरीच्या ‘बीझस अँड रमोना’मध्ये छोटी रमोना तळघरात जाऊन बसते आणि पेटीतल्या सफरचंदांचा एकेकच घास घेत सुटते, कारण पहिला घास सगळ्यांत चवदार लागतो! घरचे काय करतात? तिच्याकडे लक्षच देत नाहीत आणि उष्ट्या सफरचंदांचा मुरंबा शिजवतात. कुणी रागावत नाही म्हणून रमोनाचीच पंचाईत होते. वाचणाऱ्या पोराला सगळं कळतं. आपल्याला सुधारायला लेखक टपून बसलाय, याचा वास मुलांना पहिल्या परिच्छेदात येतो. तुझी ती आजी काढून टाक.

याचा अर्थ गंभीर विषय टाळायचे असा घेऊ नकोस. १९७७ च्या ‘रमोना अँड हर फादर’मध्ये वडिलांची नोकरी जाते, घरात पैशांची ओढाताण होते, चिडचिड होते. हे सगळं रमोनाच्या उंचीवरून दिसतं, तिला जेवढं कळतं तेवढंच. आणि पुढे दोन वेगवेगळ्या मुलांनी क्लिअरीला कळवलं की आईवडील वेगळे झालेल्या मुलाबद्दल लिही. त्यातून ‘डिअर मिस्टर हेन्शॉ’ आलं, १९८३ साली, तिच्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्यात आईवडील शेवटीही एकत्र येत नाहीत. दुसरा कुणी असता तर त्यांना एकत्र आणून मोकळा झाला असता. या पुस्तकाला १९८४ चं न्यूबेरी पदक मिळालं. तेव्हाही विषय मुलांकडूनच आला, बघ.

तुझ्या टेबलापाशी रोज येणारी मुलं काय मागतात आणि तुझ्याकडे काय नसतं, ते लिहून ठेवत जा. न वाचता परत केलेलं पुस्तक कितव्या पानापर्यंत गेलं होतं, तेही विचार. शनिवारी गोष्ट वाचून दाखवतेस ना? मुलांची चुळबुळ कुठे सुरू होते तिथे पेन्सिलीने खूण कर आणि घरी आल्यावर तेवढाच भाग पुन्हा लिही. रात्री अर्धा तास मिळाला तरी पुरे.

वहीतली सहावी गोष्ट मला फार आवडली. आवडतं पुस्तक दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून ज्ञानकोशाच्या जाड खंडांमागे लपवून ठेवणारी, आणि रोज शाळा सुटल्यावर येऊन चार पानं वाचून जाणारी मुलगी. ही तू स्वतः पाहिलेली आहे, हो ना? इतर पाच बाजूला ठेव आणि हिच्यावरच आणखी तीन प्रकरणं लिही. ती घरी पुस्तक का नेत नाही, ते मला अजून कळलेलं नाही. दिवाळीच्या आत पाठव.

आईला सांग, गुडघ्याचं तेल कुणाबरोबर तरी पाठवून देते.

तुझी,
मावशी